न टिकणाऱ्या सुराची विद्या : शामिसेनच्या तीन तारांचा इतिहास

जपानी माणूस मित्राची खुशाली विचारतो तेव्हा ‘चोशी कशी आहे?’ असे विचारतो. तब्येत नरम असली, कामात मन लागेनासे झाले किंवा एखादे यंत्र कुरकुरू लागले, की त्याची ‘चोशी’ बिघडली असे म्हणतात. दुखापतीतून उठलेला खेळाडू पूर्वीसारखा खेळत नसेल, तर तो ‘अजून होन्चोशीत आलेला नाही’. चोशी म्हणजे सूर, पट्टी, वाद्य जुळवण्याची रीत. होन्चोशी म्हणजे शामिसेन या तीन तारांच्या वाद्याची मूळ जुळणी. आपणही ‘सूर जुळले’, ‘तारा जुळल्या’ असे सहज बोलतो. पण वाद्याच्या एका विशिष्ट जुळणीचे नाव रोजच्या बोलण्यात इतके मुरावे, हे विशेष आहे. ज्या वाद्याने हा शब्द रुजवला, त्याचा सूर मात्र काही मिनिटेही नीट टिकत नाही. रेशमाच्या तारा, ताणलेले कातडे, नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या आणि पडदे नसलेली दांडी, अशी त्याची सारी रचना अस्थिर आहे. हा दोष काढून टाकण्यापेक्षा त्याचीच विद्या कशी झाली आणि ती विद्या आज कशामुळे अडचणीत आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सापाचे कातडे ते मांजराचे कातडे

शामिसेनचे मूळ चीनमधल्या ‘सान्श्यान’ या तीन तारांच्या वाद्यात आहे. ते तिथून र्‍युक्यू बेटांवर, म्हणजे आजच्या ओकिनावात गेले आणि ‘सान्शिन’ झाले. सान्शिनच्या लहानशा खोक्यावर अजगराचे कातडे मढवतात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, परंपरेनुसार एइरोकू काळात (१५५८ ते १५७०), हे वाद्य ओसाकाजवळच्या साकाई बंदरात पोहोचले. साकाई हे तेव्हा व्यापाऱ्यांचे गजबजलेले शहर होते. तिथे ते ज्यांच्या हाती पडले ते बहुतेक ‘बिवा’ हे वीणेसारखे वाद्य वाजवून युद्धकथा गाणारे अंध कलावंत होते, असे मानले जाते.

या कलावंतांनी वाद्यात आपल्या सवयीप्रमाणे बदल केले. ओकिनावात बोटावर चढवलेल्या नखीने तार छेडत. जपानी मुख्य भूमीवर बिवाचा ‘बाची’ आला. हा मुठीत धरायचा, पंख्यासारखा पसरत जाणारा मोठा आघातक. मोठे साप मिळत नव्हते, म्हणून मांजराचे आणि पुढे कुत्र्याचे कातडे आले. आघात तारेवर आणि कातड्यावर एकदमच पडू लागल्याने शामिसेन एकाच वेळी तंतुवाद्य आणि चर्मवाद्य झाले. सुराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की वाद्याचे दोन्ही बोलके भाग, तार आणि कातडे, हवेतला ओलावा पिणारे होते. जूनच्या सुमारास जपानात ‘त्सुयू’ हा पावसाळी हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत कातडे सैल पडते. कोरड्या थंडीत ते ताणून फाटूही शकते. म्हणून वादन संपले की तारांखालची घोडी, ‘कोमा’, काढून ठेवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा बसवायची, अशी शिस्त आहे. घोडी केसभर सरकली तरी सूर सरकतो. म्हणजे शामिसेन दर वेळी नव्यानेच जुळवावे लागते.

तीन जुळण्या

या वाद्याच्या मुख्य जुळण्या तीन. पहिल्या, सर्वांत जाड तारेला षड्ज मानले, तर होन्चोशीत तीन तारा सा, म, तार सां अशा लागतात. ‘निआगारी’चा अर्थ ‘दुसरी चढवलेली’. मधली तार एक पूर्ण स्वर वर जाते आणि सा, प, सां असा मेळ होतो. ‘सान्सागारी’ म्हणजे ‘तिसरी उतरवलेली’. तिसरी तार एक स्वर खाली येते आणि सा, म, कोमल नी असा मेळ तयार होतो. नावांतच कृती आहे. कुठली खुंटी कुठल्या दिशेला फिरवायची, हे नावच सांगते.

प्रत्येक जुळणीचा स्वभावही ठरला. होन्चोशी भारदस्त, निआगारी मोकळी आणि उत्सवी, सान्सागारी हळवी. एदो काळात (१६०३ ते १८६८) काबुकी रंगभूमीबरोबर ‘नागाउता’ ही दीर्घ गीतशैली वाढली. तिच्यात एकाच रचनेमध्ये जुळणी बदलण्याची प्रथा रूढ झाली. गायन चालू असताना, उजव्या हाताचा बाची न थांबवता, वादक डावा हात खुंटीकडे नेतो आणि मधली तार चढवतो किंवा तिसरी उतरवतो. आपल्या मैफलीत तंबोरे आधी लावून घेतात; मध्ये खुंटीला हात लावावा लागला तर तो थोडा व्यत्यय असतो. शामिसेनमध्ये खुंटीला हात लावणे रचनेतच लिहिलेले आहे. जाणता श्रोता त्या क्षणाची वाट पाहतो, कारण रंग बदलणार हे त्याला कळते. पुढे जुळण्यांची नावे गीतांनाही मिळाली. एदोच्या अखेरीस लोकप्रिय झालेला ‘निआगारी शिन्नाई’ हा गीतप्रकार आणि उत्तरेकडच्या त्सुगारू प्रांतातले ‘त्सुगारू सान्सागारी’ ही त्यांतली ठळक उदाहरणे.

यात कुठेही एक ठरलेला, सर्वांसाठी समान षड्ज नाही. पट्टी गायकाच्या गळ्यावरून ठरते. ती सांगण्याची पद्धत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. आपण ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ म्हणतो, तसे शामिसेनवादक ‘एक होन’, ‘चार होन’ म्हणतात. एक होन म्हणजे आपली पांढरी सहा. तिथून प्रत्येक होनला अर्धा स्वर वर. त्या हिशेबाने चार होन म्हणजे पांढरी एक, आणि आठ होन म्हणजे पांढरी तीन. या आकड्यांवर आखलेली, तोंडाने फुंकायची ‘चोशीबुए’ ही लहान सूरपेटी विद्यार्थ्यांच्या हाती असते. गळा बसला असेल तर पट्टी खाली, खुलला असेल तर वर. सूर माणसाच्या मागे जातो.

सावारी : वाद्यानेच दिलेली साक्ष

मग सूर लागला हे कळते कसे? यासाठी शामिसेनमध्ये एक नाजूक युक्ती आहे, ‘सावारी’. दांडीच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या पेटीखाली, तारा एका छोट्या अटीवरून जातात. पण तिथून जातात त्या दुसरी आणि तिसरी या दोनच तारा. पहिली, जाड तार अटीला टाळून थेट लाकडाजवळून जाते. तिथे दांडीत एक उथळ खळगा आणि त्याच्या कडेला बारीकसा उंचवटा कोरलेला असतो. तार कंप पावू लागली की त्या उंचवट्याला हलकेच घासते आणि तिच्या आवाजात एक रेंगाळणारी झिणझिण मिसळते.

इथे आपल्या कानात तंबोऱ्याची जवारी वाजल्याशिवाय राहत नाही. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी काढतात, तिचे आणि सावारीचे कार्य जवळचे आहे. शब्दही कानाला जुळे वाटतात. पण तेवढ्यावरून त्यांचे नाते लावण्याचा मोह टाळावा. ‘सावारी’ हा शब्द ‘सावारू’, म्हणजे स्पर्श करणे, या शुद्ध जपानी क्रियापदापासून आला आहे. फरक रचनेतही आहे. तंबोऱ्यात जवारी घोडीवर आणि सर्व तारांना असते. शामिसेनमध्ये सावारी वरच्या टोकाला आणि एकाच तारेला.

या एकाच तारेत जुळणीचे रहस्य आहे. पहिली तार छेडली नाही, तरी दुसऱ्या तारांच्या कंपनाने ती जागी होते; मात्र सूर बरोबर असला तरच. षड्जाच्या तारेत मूळ स्वराबरोबर तार षड्ज, त्यावरचा पंचम आणि त्याहून वरचा षड्ज असे उपस्वर असतात. निआगारीत मधली तार पंचमावर असते. तिचा पहिला उपस्वर आणि पहिल्या तारेतला पंचम नेमके एकमेकांवर बसतात. तिसरी तार तर पहिल्या तारेच्या पहिल्या उपस्वरावरच असते. त्यामुळे निआगारीत छेडलेला जवळजवळ प्रत्येक आघात पहिल्या तारेला हलवतो आणि सावारी भरभरून बोलते. होन्चोशीत मध्यमाची तार थोड्या दूरच्या उपस्वराने हे काम करते, म्हणून आवाज संयमी होतो. सान्सागारीत तिसरी तार षड्जाच्या जवळच्या उपस्वरांतून बाहेर पडते आणि झिणझिण ओसरते. निआगारी उत्सवी आणि सान्सागारी हळवी का, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

वादक खुंटी पिळत असतो तेव्हा त्याचे लक्ष छेडलेल्या तारेइतकेच न छेडलेल्या तारेकडे असते. सूर जागेवर आला की पहिली तार आपणहून झिणझिणते. घट्ट दाबत पिळायची ती खुंटी तिथे थांबवायची. सूर तपासणारी वस्तू बाहेर कुठे नाही, वाद्याच्या आतच आहे. पुढे दांडीत मागच्या बाजूने स्क्रू बसवून सावारी कमी-जास्त करण्याची ‘आझुमा सावारी’ ही सोय आली. पण ऐकायचे काम कानाचेच राहिले.

रेशीम, हळद, रक्तचंदन

हा कान ज्या पदार्थांवर चालतो त्यांचाही इतिहास आहे. शामिसेनच्या तारा पारंपरिक रीतीने रेशमाच्या. त्यांचे एक जुने केंद्र म्हणजे शिगा प्रांतातल्या बिवा सरोवराच्या उत्तरेकडची किनोमोतोच्या परिसरातली गावे. तिथे कोशातून हाताने काढलेले रेशीम पिळून, तांदळाच्या चिकट खळीत मुरवून तार तयार करतात. तिचा पिवळा रंग हळदीचा असतो. जपानीत हळदीला ‘उकोन’ म्हणतात. नवी रेशमी तार ताणली की ती वाढत राहते, आणि वाढली की सूर उतरतो. म्हणून नवी तार चढवल्यावर वादक ती हाताने पुन्हा पुन्हा ओढून तिची वाढ काढून घेतो. सर्वांत बारीक तिसरी तार झिजते आणि तुटतेही लवकर. कृत्रिम धाग्याच्या तारा आल्यावर ही कटकट बरीच कमी झाली. तरी रेशमी तारेचा गोलवा त्यांना नाही, असे अनेक वादक मानतात आणि निदान मैफलीसाठी रेशीम राखून ठेवतात.

दांडीची गोष्ट थेट आपल्या देशाशी जोडलेली आहे. उत्तम शामिसेनची दांडी ‘कोकी’ या लाकडाची असते. कोकी म्हणजे रक्तचंदन, आणि ते नैसर्गिकरीत्या वाढते ते मुख्यतः आंध्र प्रदेशातल्या शेषाचलम आणि आसपासच्या डोंगरांत. हे लाकूड इतके घट्ट की पाण्यात बुडते. सुराशी त्याचा संबंध असा : मऊ लाकडाच्या दांडीवर बोटे आणि तारा जिथे वारंवार दाबल्या जातात तिथे खड्डे पडतात. याला ‘कान्बेरी’ म्हणतात. खड्डे पडले की स्वरस्थाने चुकतात आणि कारागिराला दांडी रंधून पुन्हा सपाट करावी लागते. कठीण लाकूड हे दुखणे लांबवते. म्हणून तरंगदार रेषांच्या रक्तचंदनाला जपानमध्ये मोठा भाव आला. दुर्मीळ वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात रक्तचंदनाचा समावेश १९९५ मध्ये झाला. त्यापूर्वी १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला होता, आणि चांगल्या खुंट्या, घोड्या, बाची हस्तिदंताचे असत. ‘अस्सल जपानी’ म्हणून मिरवणाऱ्या या वाद्याचा सूर चीनचा आराखडा, आंध्रचे लाकूड आणि हत्तीचा दात यांच्या आधाराने उभा होता. हे वाद्य कधीच एका देशाचे नव्हते. हस्तिदंताची बंदी योग्यच होती, आणि रक्तचंदनाची तस्करी आपल्याला वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. परंपरा जपायची तर या हिशेबाकडे डोळेझाक करून चालणार नाही.

अंध कलावंतांचा वारसा

शामिसेनच्या विद्येवर अंध कलावंतांची मोठी छाप आहे. एदो काळात अंध पुरुष वादकांची ‘तोदोझा’ नावाची शासनमान्य संघटना होती. तिच्या वरच्या श्रेणीला ‘केंग्यो’ म्हणत. शामिसेनच्या आरंभीच्या रचनांशी इशिमुरा केंग्यो यांचे, तर कोतो या तेरा तारांच्या वाद्याच्या जुळणीशी यात्सुहाशी केंग्यो (१६१४ ते १६८५) यांचे नाव जोडले जाते. अंध स्त्रियांच्या ‘गोझे’ नावाच्या मंडळ्या होत्या. एचिगो प्रांतात त्या पाठीवर बोचके आणि हातात शामिसेन घेऊन गावोगाव चालत आणि दारोदारी गात. खडतर प्रवास, बर्फ, दमट घरे आणि लिखित संहितेचा अभाव, अशा परिस्थितीत सूर राखण्याचे साधन कान आणि बोटे एवढेच होते.

मेइजी राजवटीने १८७१ मध्ये तोदोझा बरखास्त केली. अंध कलावंतांचे संरक्षण गेले, आणि त्यांच्या हाती असलेली विद्या उघड्या बाजारात आली. तरी कान संपले नाहीत. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या हारू कोबायाशी (१९०० ते २००५) या अखेरच्या गोझे मानल्या जातात. १९७८ मध्ये जपानी शासनाने त्यांच्या कलेला राष्ट्रीय मान्यता दिली. उत्तरेतल्या त्सुगारूत लहानपणी गोवरामुळे दृष्टी गमावलेले ताकाहाशी चिकुझान (१९१० ते १९९८) दारोदारी वाजवत वाढले आणि पुढे त्यांनी त्सुगारू शामिसेन देशभर नेले.

मोजपट्टी आणि कान

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कानासमोर मोजपट्टी येऊन उभी राहिली. १८७९ मध्ये जपानी शासनाने संगीत-संशोधन विभाग स्थापन केला. इसावा शूजी त्याचे प्रमुख होते, आणि १८८० मध्ये अमेरिकेहून लूथर व्हाइटिंग मेसन हे शिक्षक आले. शाळांत पाश्चात्त्य स्वरमेळाची गाणी आली. शामिसेनचा संबंध काबुकी आणि रंगमहालांशी असल्यामुळे ते सुसंस्कृत शिक्षणात बसत नाही, अशी समजूत होती.

याच सुमारास लंडनमध्ये अलेक्झांडर एलिस स्वरांतरे मोजत होते. अर्ध्या स्वराचे शंभर भाग करून ‘सेंट’ हे माप त्यांनी रूढ केले. १८८५ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात भारतीय आणि जपानी, दोन्ही स्वरमेळांची मोजणी आहे. निसर्गाने ठरवून दिलेला एकच स्वरमेळ नाही, हा त्यांचा निष्कर्ष. त्याच ध्वनिशास्त्राच्या वाटेने दोन देशांत दोन माणसे निघाली. तानाका शोहेई (१८६२ ते १९४५) यांनी बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांच्याकडे अभ्यास करून शुद्ध स्वरांतरांची पेटी बनवली आणि मायदेशी परतल्यावर जपानी संगीताचे स्वरलेखन हाती घेतले. इकडे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यातून पुढे श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग झाला. आपल्या संगीताचे शास्त्र परक्या मापाने सिद्ध करावे, ही त्या पिढीची गरज दोन्हीकडे सारखीच होती.

या मापांनी शामिसेनबद्दल काय कळते? शुद्ध मध्यम षड्जापासून ४९८ सेंट दूर. आजच्या पेटीचा मध्यम ५०० सेंट. शुद्ध पंचम ७०२, पेटीचा ७००. फरक दोन सेंटचा, बहुतेकांना जाणवणारही नाही. सान्सागारीत दोन मध्यम एकावर एक चढतात, तिथे तो चारपर्यंत जातो. म्हणजे आज शामिसेनच्या टोकाला चिमट्यासारखे लावतात ते इलेक्ट्रॉनिक ट्यूनर सुराचा घात करते, हा आरोप फारसा टिकत नाही. नुकसान दुसरीकडे आहे. ट्यूनर एकेक तार सुटी करून मोजते. सावारी तारांचे आपसातले नाते ऐकवते. शिवाय गाण्याच्या मध्यात, बाची चालू असताना, काट्याकडे बघत बसायला कुणाला वेळ नसतो. ज्याने काट्यावरच सूर शिकला त्याला निआगारीकडे जाणारी वाट बिकट होते. दांडीवर पडदे नसल्यामुळे स्वरस्थानेही कानानेच सापडतात. या स्थानांना ‘कान्दोकोरो’ म्हणतात, आणि हाच शब्द रोजच्या जपानीत ‘नेमके मर्म’ या अर्थाने वापरला जातो.

उरलेला प्रश्न

संगीतकार तोरू ताकेमित्सू यांनी सावारीवर विचारपूर्वक लिहिले आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी १९६७ मध्ये बिवा, शाकुहाची आणि वाद्यवृंद यांची ‘नोव्हेंबर स्टेप्स’ ही रचना करणाऱ्या या कलावंताने दाखवून दिले, की ‘सावारी’चा उच्चार ‘अडथळा’ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो. जपानी वाद्यांत गैरसोय मुद्दाम ठेवली आहे आणि आवाज त्या गैरसोयीतून जन्मतो, असे त्यांचे म्हणणे होते. शामिसेनचा साडेचारशे वर्षांचा इतिहास त्याला दुजोरा देतो.

२००२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत किमान एक पारंपरिक वाद्य हाताळणे अभ्यासक्रमात आले. १८७९ मध्ये शाळेच्या दाराबाहेर राहिलेले शामिसेन एकशे तेवीस वर्षांनी वर्गात शिरले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण वर्गातल्या वाद्यांना न फाटणारे कृत्रिम कातडे, न वाढणारी तार आणि टोकाला ट्यूनर असणार, हे उघड आहे. मुलांना वाद्य मिळेल. ते लावण्याची विद्या त्यांना मिळेल का, हा प्रश्न वेगळा आहे. तिच्यासाठी किनोमोतोत रेशीम पिळणारा, दांडी रंधणारा आणि कातडे मढवणारा कारागीर हवा. शिष्याच्या हातातली खुंटी न धरता ‘पहिली तार बोलली का, ऐक’ एवढेच सांगून थांबणारा गुरूही हवा. यांतला प्रत्येक माणूस वयाने वाढतो आहे, आणि त्याची जागा घेणारे थोडे आहेत.

आपल्याकडे तंबोऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्र आले, तेव्हाही सूर गेला नाही. यंत्राचा सूर तर ढळतच नाही. हरवू लागली ती मैफलीपूर्वीची ती दहा मिनिटे, जिच्यात शिष्य खुंटी पिळता पिळता ऐकायला शिकत असे. शामिसेनच्या बाबतीत ही दहा मिनिटे गाण्याच्या पोटातच आहेत. ती काढून टाकली तर निआगारी आणि सान्सागारी ही नावे फक्त पुस्तकात उरतील. सूर वारंवार उतरतो म्हणून तो वारंवार लावावा लागतो, आणि लावणाऱ्याचा कान त्यातूनच घडतो, हे या तीन तारांच्या वाद्याने इतकी शतके आपल्या माणसांना शिकवले आहे.